मंदीत कामाच्या ठिकाणी चॅप्लेन म्हणून जाताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कपातीची यादी लागते त्या दिवशी चॅप्लेनने, म्हणजे कामाच्या ठिकाणी जाऊन लोकांना आधार देणाऱ्या ख्रिस्ती सेवकाने, स्वतःची ओळख करून द्यायला जाऊ नये. त्या दिवशी कुणालाच नवा माणूस नको असतो.

हे मी ठेच लागल्यावर शिकले. पहिल्यांदा एका कारखान्यात गेले तेव्हा नोटिसा निघून तीन दिवस झाले होते. काखेत पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, चेहऱ्यावर सहानुभूती. लोक सरळ बाजूला सरकले. शेवटी एका वयस्क फिटरने मान वर न करता विचारलं, "बाई, तुम्हाला पगार कोण देतं?" मला धड उत्तर देता आलं नाही. तो पुन्हा कामाला लागला आणि मी गेटकडे निघाले.

तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. पुढचं सगळं त्यातूनच निघालंय. मंडळीने (म्हणजे तुमच्या चर्चने) किंवा संस्थेने तुम्हाला एखाद्या कंपनीत, गोदामात, बंदरावर किंवा ऑफिसात चॅप्लेन म्हणून जायला सांगितलं असेल आणि काळ कठीण असेल, तर हे वाचा. तुम्ही पाळक असायलाच हवं असं नाही. उत्तम चॅप्लेन मी पाहिले त्यांत निवृत्त परिचारिका होत्या, जुने कामगार होते, एक माजी ट्रकचालक होता.

आधी, हा चॅप्लेन म्हणजे कोण

शब्दाची गोष्ट सांगते, कारण ती कामाची आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या सैनिकाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. हाच पुढे फ्रान्समधल्या तूर शहराचा संत मार्टिन. उरलेला झगा फ्रँक राजांनी जपून ठेवला आणि लॅटिनमधल्या 'कापा' म्हणजे झगा या शब्दावरून तो सांभाळणाऱ्या धर्मगुरूंना 'कापेलानी' म्हणू लागले. चॅप्लेन हा शब्द तिथून आला. प्रवचन देणाऱ्यावरून नाही, अर्धा झगा देणाऱ्यावरून.

कारखान्यात नियमित जाणाऱ्या चॅप्लेनचं आधुनिक रूप घडलं ते इंग्लंडमधल्या शेफील्डला. १९४४ मध्ये तिथले बिशप लेस्ली हंटर यांनी टेड विकहॅम या धर्मगुरूला पोलादाच्या कारखान्यांत पाठवलं. विकहॅम भट्ट्यांपाशी उभे राहत, सुट्टीच्या वेळेत कामगारांच्या घोळक्यात बसत आणि त्यांना जे बोलायचं असेल ते बोलत. पुढे अभ्यासाअंती त्यांचं मत झालं की औद्योगिक शहरातला कामगार चर्च सोडून गेला असं म्हणणंच चूक आहे. तो तिथे कधी आलाच नव्हता. त्याच काळात फ्रान्समध्ये काही कॅथलिक फादर स्वतःच कामगार म्हणून कारखान्यांत भरती झाले. १९५४ मध्ये रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, त्यांच्यावर बंधनं घातली आणि १९६५ मध्ये पुन्हा परवानगी दिली. अमेरिकेत वाट वेगळी निघाली. तिथे कंपन्या पैसे देऊन चॅप्लेन बोलावतात. गिल स्ट्रिकलिन यांनी १९८४ मध्ये डॅलसला सुरू केलेली संस्था अशीच कंपन्यांना चॅप्लेन पुरवते, आणि टायसन फूड्स या मांसप्रक्रिया कंपनीने २००० पासून आपल्या कारखान्यांत चॅप्लेन नेमले.

म्हणजे चर्चने पाठवलेला चॅप्लेन आणि कंपनीने पैसे दिलेला चॅप्लेन अशा दोन वाटा आहेत. दोन्हींवर चांगलं काम झालंय. पण तुमची वाट कोणती, हे पहिल्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक हवं.

पहिली पायरी: पगाराच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. "मला मंडळी पाठवते, कंपनी फक्त आत येऊ देते." किंवा, "पैसे कंपनी देते, पण तुम्ही मला सांगितलेलं कंपनीला कळत नाही. तसा लेखी करार आहे." दुसरं उत्तर द्यायचं असेल तर करार खरोखर लेखी हवा. तोंडी भल्या शब्दांवर विसंबू नका. तुम्हाला बोलावणारा मॅनेजर भला असेलही, पण मंदीत बदली आधी त्याचीच होते.

करारात काय असावं? कोण काय बोललं याचा अहवाल चॅप्लेन देणार नाही. कपातीची यादी ठरवताना, कुणाची शिस्तभंगाची चौकशी चालू असताना किंवा संपाच्या वाटाघाटीत चॅप्लेनचा वापर होणार नाही. वाईट बातमी देण्याचं काम त्याच्यावर टाकलं जाणार नाही. आणि एक मुद्दा बहुतेक जण विसरतात: कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि रात्रपाळीची माणसं यांच्यापर्यंतही चॅप्लेनला जाता येईल. काम सुटतं ते बहुतेकदा त्यांचं आधी, आणि त्यांना निरोप द्यायला केकसुद्धा कापला जात नाही.

कधीतरी कंपनी म्हणेल, "नावं नकोत, फक्त वातावरण कसं आहे तेवढं सांगा." इथे सावध राहा. आठ जणांच्या विभागात "दोघांना फार ताण आहे" एवढं बोललात की नावं सांगितल्यासारखीच. मी एवढंच सांगते की इतक्या फेऱ्या झाल्या. त्यापुढे काही नाही.

युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीला मॅनेजरच्या आधी किंवा निदान त्याच आठवड्यात भेटा. त्यालाही तीच प्रत द्या. तो तुमच्याकडे संशयाने पाहील आणि पाहावंच.

दुसरी पायरी: फेरी

या कामाचा कणा फेरी. ठरलेला वार, ठरलेली वेळ. गुरुवारी दहाला येता असं लोकांना कळलं की गुरुवारी दहाला यायचंच. पाऊस असो, तुमचा मूड नसो, मागच्या खेपेला कुणी ढुंकून पाहिलं नसो.

गेटपासून सुरुवात करा. सुरक्षारक्षकाचं नाव आधी शिका, मग आतल्यांचं. ज्या जागी जो बूट, जे हेल्मेट लागतं ते घाला. फुकटची सवलत मागू नका. मशीन चालू असताना बोलायचं नाही. फोनवर असलेल्याच्या टेबलाशी उभं राहायचं नाही. एका माणसापाशी दोन-तीन मिनिटं पुरतात. कामाचा खोळंबा केलात तर त्याचा सुपरवायझर त्याच्यावर ओरडणार, तुमच्यावर नाही.

पहिल्या फेऱ्यांत धर्माचं काही काढू नका. तुम्ही चॅप्लेन आहात हे बिल्ल्यावर लिहिलेलंच असतं. कामाबद्दल विचारा. हे यंत्र काय करतं? बिघडलं की आधी काय तपासता? माणूस आपल्या कामाबद्दल बोलताना ताठ होतो, आणि काम जाण्याची भीती पसरलेली असताना तो ताठपणा पाहून ठेवणं फार महत्त्वाचं असतं. पुढे कधी तो मोडून पडला तर त्याला त्याच्याच हाताची आठवण करून देता येते.

कंपनी तुम्हाला 'चॅप्लेन' अशी पाटी लावलेली खोली देऊ करेल. खोली घ्या, पण तिथे बसून राहू नका. त्या दारातून आत जाणारा माणूस अख्ख्या मजल्याला दिसतो, आणि कपातीच्या दिवसांत कुणालाच 'अडचणीत आलेला' दिसायचं नसतं. जिना, पार्किंग, चहाच्या यंत्राजवळचा कोपरा, पाळी बदलतानाची दहा मिनिटं, खरं बोलणं तिथेच होतं. फक्त एक पथ्य: बोलणं कुणाला ऐकू जाऊ नये, पण तुम्ही दोघं दिसत राहाल अशी जागा निवडा. बंद दाराआड एकट्याने एकट्याला भेटणं टाळा. तुमच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही.

घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहा. पूर्ण नावं नकोत. "गुडघा, सोमवारी डॉक्टर." "मुलीची परीक्षा." पुढच्या गुरुवारी "गुडघा कसा आहे?" असं विचारलंत की तो माणूस तुमच्याकडे पहिल्यांदा नीट पाहील.

तिसरी पायरी: ऐकताना

पैशाची गोष्ट माणूस सगळ्यात शेवटी सांगतो. आधी झोप लागत नाही म्हणेल. पोट बिघडलंय म्हणेल. मुलगा ऐकत नाही म्हणेल. आजाराची लाज वाटत नाही तेवढी माणसाला कर्जाची वाटते. म्हणून पहिल्या तक्रारीवर उपाय सांगून मोकळे होऊ नका. "आणि?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

गप्प बसण्याचा धडा बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांकडून घ्यावा. सगळं गमावलेल्या ईयोबाजवळ ते सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता जमिनीवर बसले. त्यांच्या हातून घडलेलं सर्वात चांगलं काम तेवढंच. तोंड उघडल्यावर त्यांनी जे केलं त्याबद्दल पुढे देवानेच त्यांना झापलं.

आणखी एक गोष्ट मी नव्या चॅप्लेनना नेहमी वाचायला लावते: एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता पुरे, मला मरू दे" म्हणतो ती. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला देतो. देवाचं बोलणं त्यानंतर, बऱ्याच वाटचालीनंतर येतं. नोकरी गेलेला माणूस समोर असेल तर हाच क्रम पाळा. जेवलात का? झोपलात का? घरी कसे जाणार?

काही वाक्यं कायमची विसरून जा. 'देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो.' 'यात देवाची काहीतरी योजना असेल.' 'तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक आहेत.' 'विश्वास ठेवा, महिन्याभरात नोकरी मिळेल.' पहिली दोन कदाचित खरीही असतील, पण ती म्हणायचा हक्क ज्याचं दार बंद झालंय त्याचा. शेवटचं वाक्य तर निव्वळ खोटं आहे. तुम्हाला ते ठाऊक नसतं.

मग आशा कशी द्यायची, असं विचारतात. ख्रिस्ती आशा म्हणजे चांगल्या बातमीचा अंदाज नव्हे. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठा रिकामा, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं हबक्कूक संदेष्टा म्हणतो. त्याने गोठा रिकामा आहे हे लपवलेलं नाही. आधी यादी, मग 'तरीही'. तुम्ही त्या माणसाची यादी पूर्ण होऊ द्या. 'तरीही' त्याच्या तोंडून येईल किंवा येणार नाही. तोवर, पुढच्या गुरुवारी तुम्ही येणार आहात, एवढी आशा पुरे असते.

एक प्रश्न मात्र लवकर विचारावा: "घरी माहीत आहे का?" कितीतरी माणसं नोकरी गेल्यावरही रोज त्याच वेळी डबा घेऊन घराबाहेर पडतात आणि दिवस कुठेतरी काढतात. उत्तर 'नाही' आलं तर दरडावू नका. सांगायला कशाची भीती वाटते ते विचारा. कोणत्या शब्दांत सांगता येईल याची तालीम करा, अगदी खरोखर, तुम्ही ऐकणारे व्हा. मी असं एकदा पार्किंगमध्ये केलं. त्या माणसाने वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं आणि पाचव्या वेळी पत्नीला फोन लावला. तिला आधीच कळलेलं होतं.

चौथी पायरी: प्रार्थना

प्रार्थना विचारूनच करायची. तेही असं विचारायचं की 'नको' म्हणणं सोपं जावं. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का? इथे, आत्ता; किंवा मी घरी करेन; किंवा नको असेल तर काहीच हरकत नाही." तीन वाटा द्या. संकटात असलेला माणूस मदत करणाऱ्याला नाही म्हणू शकत नाही, आणि तसा मिळवलेला होकार हा होकार नव्हे. त्याने 'नको' म्हटलं तर पुढच्या फेरीत तुमचं वागणं तसूभर बदलता कामा नये. लोक हे बारकाईने पाहतात.

माणूस दुसऱ्या धर्माचा असेल किंवा कुठल्याच धर्माचा नसेल, तर आधीच सांगा: "मी येशूच्या नावाने प्रार्थना करते. चालेल का?" बरेच जण हो म्हणतात. काही म्हणतात, "तुम्ही मनात करा, मी नुसता बसतो." तेही चालतं. धर्मांतराचा विषय तुम्ही काढायचा नाही. ज्याच्या हातात या महिन्याचं भाडं नाही, त्याच्यासमोर मदत आणि धर्म एकाच ताटात वाढणं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं. त्याने पुढे आपणहून विचारलं, तर कामाच्या वेळेबाहेर, निवांत बसून बोला.

आता प्रार्थना कशी असावी? छोटी. एका मिनिटाच्या आत. डोळे मिटायची सक्ती नको. कामाच्या जागी माणूस डोळे मिटून उभा राहिला की लगेच दिसतो. खांद्यावर हात ठेवायचा असेल तर तोही विचारून. आवाज बोलण्याच्या पट्टीतला. आणि शब्द त्याचेच. तो 'हप्ता' म्हणाला असेल तर तुम्हीही हप्ताच म्हणा, 'आर्थिक विवंचना' नको.

मी साधारण अशी करते: "प्रभू, आज यांना पत्र मिळालंय. वीस वर्षं यांनी या जागी काम केलं, ते तू पाहिलंयस. पुढच्या महिन्याचा हप्ता कसा भरायचा हे यांना कळत नाही, मलाही कळत नाही. आज रात्री यांना झोप दे. घरी सांगायला शब्द दे. आजची भाकर आज दे. येशूच्या नावाने, आमेन."

बस. यात सल्ला नाही, छुपं प्रवचन नाही, "यांना धूम्रपान सोडण्याची बुद्धी दे" असला चिमटा नाही. प्रार्थनेच्या आडून माणसाला चार गोष्टी सुनावण्याची सवय मंडळीत अनेकांना असते. ती गेटबाहेर ठेवून या. 'आजची भाकर' मात्र जाणूनबुजून आहे. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत वर्षभराच्या धान्याची मागणी नाही. घाबरलेल्या माणसाला वर्षाचा विचार झेपत नाही, आजचा झेपतो.

कुणी देवावर चिडलेला असेल तर त्याला शांत करायला धावू नका. बायबलमधलं तेरावं स्तोत्र "किती काळ?" या आक्रोशानेच सुरू होतं आणि ते शास्त्रातच आहे. चिडण्याची जागा देवाने ठेवलेली आहे, आपण ती झाकू नये.

"प्रार्थना करीन" असं म्हटलंत तर करा. वहीत लिहा, रात्री करा. मग पुढच्या खेपेला "मी केली होती, काय झालं?" असं विचारता येतं. नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं लोकांना कळतं.

काही ठिकाणी लोक एकत्र प्रार्थना करू या म्हणतात. याला मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्कमध्ये फुल्टन स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये जेरमाया लॅन्फिअर यांनी २३ सप्टेंबर १८५७ रोजी दुपारच्या सुट्टीत व्यापारी आणि कारकुनांसाठी प्रार्थनासभा ठेवली. पहिला अर्धा तास ते एकटेच बसून होते. शेवटी सहा जण आले. पुढच्या आठवड्यात वीस. ऑक्टोबरमध्ये बँका कोलमडल्या, आणि त्या हिवाळ्यात अशा सभा शहरभर पसरल्या. मला यातल्या संख्येपेक्षा ती वेळ जास्त आवडते. सभा सुरू झाली ती बँका बुडण्याआधी. लोकांना गरज पडली तेव्हा दार आधीच उघडं होतं. प्रार्थना थोडक्यात आटपत, आणि मध्येच उठून कामावर जायची मुभा असे. त्यांनी तो नियम फार शहाणपणाने केला होता.

तुम्ही सभा ठेवलीत तर ती सुट्टीच्या वेळेत ठेवा, हजेरी घेऊ नका आणि साहेबांना पुढे बसवू नका. साहेब आले तर मागे बसू देत. ते प्रार्थना चालवू लागले की यादीत नाव येऊ नये म्हणून येणाऱ्यांची गर्दी होईल. विनंत्या घेताना तपशील घेऊ नका: "एका सहकाऱ्याच्या घरासाठी" एवढं पुरे. प्रार्थनेच्या विनंत्यांसारखी गुपितं पसरवणारी दुसरी यंत्रणा नाही, हे मी दुःखाने लिहितेय.

पाचवी पायरी: यादी लागते तो दिवस

ज्या खोलीत पत्रं दिली जातात तिथे बसू नका. कंपनी आग्रह करेल, "तुम्ही असलात तर लोकांना बरं वाटेल." नाही वाटत. टेबलाच्या त्या बाजूला बसलेला प्रत्येक जण मॅनेजमेंटचा असतो. बाहेर थांबा: व्हरांड्यात, कॅन्टीनमध्ये, गेटशी.

कामं साधी असतात. पाणी देणं. खोक्यात सामान भरायला हात लावणं. गाडी चालवण्याच्या अवस्थेत आहे का ते पाहणं, नसेल तर कुणी सोडेल याची सोय करणं. स्वतःचा नंबर कागदावर लिहून देणं, कारण कंपनीचा फोन तासाभरात परत घेतला जातो आणि सगळे नंबर त्यातच असतात. आणि हे आवर्जून सांगणं: "आजच्या आज कशावरही सही करायची घाई करू नका. कागद युनियनला किंवा वकिलाला दाखवता येतो का ते आधी बघा."

मग राहिलेले. नोकरी टिकलेल्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटतं आणि तसं वाटल्याची लाज वाटते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीचं कामही त्यांच्याच अंगावर पडतं. २००८ च्या आर्थिक संकटानंतर चर्च ऑफ इंग्लंडने नोकरी गेलेल्यांसाठी प्रार्थना प्रसिद्ध केली, आणि तिच्यासोबत कामावर उरलेल्यांसाठी वेगळी प्रार्थनाही दिली. ही दुसरी लिहायचं ज्याला सुचलं, त्याने कारखाना पाहिलेला असणार.

आणि पत्रं वाटणारा. वरून आलेली नावं वाचून दाखवणारा मधला मॅनेजर संध्याकाळी गाडीत एकटा बसलेला सापडतो. त्याच्याजवळही जा. कामगारांनी ते पाहिलं तर काही जण नाराज होतील. होऊ देत. तुम्ही सगळ्यांसाठी आहात हे सांगून पटत नाही, ते दिसावं लागतं.

गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी फोन करा, आठवड्याने करा आणि तीन महिन्यांनी नक्की करा. पहिल्या आठवड्यात सगळेच फोन करतात. तीन महिन्यांनी हिशेबाचे पैसे संपत येतात, अर्जांना उत्तरं येत नाहीत आणि फोन वाजायचा थांबलेला असतो.

सहावी पायरी: पैशाचं काय

स्वतःच्या खिशातून उसने देऊ नका. कठोर वाटेल, पण उसने घेतलेला माणूस तुम्हाला टाळू लागतो. पैसे जातात आणि माणूसही जातो. दुसरीकडे, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अगदी स्पष्ट लिहिलंय की उघड्या-भुकेल्याला "सुखाने जा, ऊब घे" म्हणून काहीच न देणारा विश्वास मेलेला आहे. म्हणून मंडळीचा निधी उभा करा. त्याचा निर्णय दोन-तीन जणांनी घ्यावा आणि मदत परतफेडीच्या अटीशिवाय द्यावी. चॅप्लेनने फक्त शिफारस करायची. तुमच्या हातात पैशाची थैली आहे असं एकदा पसरलं की फेरीतल्या प्रत्येक गप्पांवर तिची सावली पडते.

कर्ज कसं फेडावं, कुठला हप्ता आधी, कायद्याने काय मिळतं, यावर मत देऊ नका. ते काम जाणकारांचं. तुम्ही आधीच पत्ते जमवून ठेवा: कर्जावर विनामूल्य सल्ला देणारे, कामगार कायद्याचे जाणकार, सरकारी रोजगार कार्यालय, समुपदेशक, डॉक्टर. प्रत्येक ठिकाणी एकदा स्वतः जाऊन या. "अमुक ठिकाणी जा" आणि "अमुक खिडकीवर जा, ओळखपत्र लागतं, मी सोबत येते" यांत फार अंतर आहे. लिफाफे उघडायलाच ज्याला भीती वाटते, त्याच्याशेजारी बसून ते उघडणं एवढं मात्र तुम्ही नक्की करू शकता.

दोन धोके तोंडाने बोलून दाखवा. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारे, आणि 'शंभर पेरा, देव हजार देईल' म्हणत गरजूंच्या खिशात हात घालणारे. हे दुसरे आमच्याच पंथात जास्त आहेत, म्हणून त्यांच्याविषयी बोलायची जबाबदारीही आमचीच.

सातवी पायरी: जिवाचा प्रश्न

"माझ्या विम्याचे पैसे माझ्यापेक्षा जास्त उपयोगाचे." "आता सगळ्यांची सुटका करतो." अशी वाक्यं ऐकलीत, किंवा कुणी अचानक वस्तू वाटून टाकू लागलं, तर सरळ विचारा: "तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, माणसाला बोलायला जागा मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरचं माणूस, डॉक्टर, तातडीची मदत किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन यांच्याशी तिथूनच संपर्क साधा. प्रार्थना जरूर करा, पण फोन लावल्यावर.

गुप्ततेची मर्यादा इथेच येते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर गुपित राखता येत नाही. हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितलं तर तो दगा वाटतो.

तुमचं स्वतःचं

आठवड्याला एक-दोन फेऱ्यांनी सुरुवात करा, जास्त नको. ज्याच्याजवळ नावं न घेता मन मोकळं करता येईल असा एक अनुभवी माणूस ठरवा आणि महिन्याला त्याला भेटा. रविवारी स्वतः उपासनेत मागच्या बाकावर बसा, तिथे कुणाचे चॅप्लेन होऊ नका.

आणि एक तयारी ठेवा. खर्च कमी करायची वेळ आली की कापल्या जाणाऱ्या गोष्टींत चॅप्लेनची सेवा बरीच वर असते. माझी एकदा गेली. पत्र आलं, महिन्याची मुदत होती. तेव्हा त्या चार गुरुवारी मी प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगितलं की मी कधीपर्यंत येणार, त्यानंतर कुणाला फोन करायचा, आणि माझ्याकडची वही मी फाडणार आहे. शेवटच्या दिवशी गेटवर पास जमा करताना सुरक्षारक्षकाने गेटच्या वहीत सहीची जागा दाखवली आणि विचारलं, "मग आता तुमच्यासाठी कोण प्रार्थना करणार?" मी म्हटलं, "तुम्ही कराल का?" तो म्हणाला, "मला येत नाही. पण नाव लिहून द्या." मी लिहून दिलं.